‘काळ्या खंडा’तल्या भट्ट्या

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात असे आधी वाटले. पण त्या तुमच्यापैकी अनेक जण माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. म्हणून शाळेतल्याच दोन गोष्टी घेते. कितीतरी वर्षे त्या माझ्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत पडून होत्या.

पहिली विज्ञानाच्या वहीतली. झोतभट्टीची आकृती आपण सगळ्यांनी काढली आहे. वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी, खालून गरम हवेचा झोत, तळाशी वितळलेले लोखंड आणि त्यावर तरंगणारी मळी. दुसरी गोष्ट इतिहास-भूगोलाच्या तासातली. आफ्रिका म्हटले की त्या काळी ‘काळे खंड’ हे शब्द आपोआप तोंडात यायचे आणि पाठोपाठ लिव्हिंग्स्टन, स्टॅन्ले ही ‘शोधक’ मंडळी. त्या खंडातले लोक लोखंड करत होते का, कसे करत होते, हा प्रश्न ना विज्ञानाच्या तासाला पडला ना इतिहासाच्या. पुढे इंजिनिअरिंग झाले, सॉफ्टवेअरमध्ये वीसएक वर्षे गेली आणि मग केव्हातरी हौसेने वाचताना लक्षात आले, की या प्रश्नाचे उत्तर खुद्द लिव्हिंग्स्टननेच लिहून ठेवले आहे.

झांबेझी मोहिमेवरचे त्याचे पुस्तक 1865 साली प्रसिद्ध झाले. आजच्या मलावी देशाच्या भागातून जाताना त्याला दर तीन-चार गावांमागे एक मातीची भट्टी दिसली. सुमारे सहा फूट उंच, अडीच-तीन फूट रुंद. खनिजाबरोबर चुनखडीसारखे दुसरे काही न घालता तिच्यातून उत्तम लोखंड निघत होते. तिथल्या लोकांच्या मते त्यांच्या लोखंडापुढे इंग्लंडचे लोखंड म्हणजे कुजका माल होता. हा काही केवळ गावाभिमान नव्हता. तिथल्या कुदळी बर्मिंगहॅममध्ये तपासल्या गेल्या आणि उत्कृष्ट स्वीडिश लोखंडाच्या जवळपास जातील असा अभिप्राय मिळाला, हेही लिव्हिंग्स्टनने नोंदवले आहे. त्या काळी स्वीडिश लोखंड म्हणजे युरोपातला सर्वोच्च दर्जा.

मग पुढच्या पन्नास वर्षांत असे काय झाले, की याच लोखंडाला ‘आदिम’ म्हटले जाऊ लागले? खनिज तेच होते, भट्टी तीच होती आणि हातही तेच होते.

आधी ही भट्टी समजून घेऊ. आपल्या वहीतल्या झोतभट्टीत आणि हिच्यात मूलभूत फरक आहे. शुद्ध लोखंड वितळायला 1,538 अंश सेल्सिअस तापमान लागते. मातीच्या भट्टीत लोखंड वितळवायचे नसतेच. लोणारी कोळसा जळून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो. साधारण 1,200 अंशांच्या आसपास खनिजातला दगड-मातीचा भाग वितळतो आणि मळी होऊन खाली निथळतो. मागे राहतो तो लोखंडाचा सच्छिद्र, स्पंजासारखा गोळा. चुनखडी का लागत नाही? कारण खनिजातलेच थोडे लोखंड मळीत जाऊ देऊन ती पातळ करून घेतली जाते. हा गोळा पुन्हा तापवून, ठोकून, आतली उरलेली मळी पिळून काढली, की मग लोहाराच्या हाती पाते घडवण्याजोगा धातू येतो.

ऐकायला सोपे वाटते, पण या कामात चुकायला फार जागा आहे. हवा कमी पडली तर मळी निथळत नाही. कार्बन कमी शिरला तर पाते मऊ, जास्त शिरला तर ठिसूळ. हे सगळे तापमापकाशिवाय, ज्वाळेचा रंग, भात्याचा आवाज आणि मळीचा ओघ पाहून सांभाळायचे. आमच्या क्षेत्रात प्रोग्रॅम कुठे अडकला हे पाहायला पडदा असतो. इथे भट्टी एकदा पेटली की आत काय चालले आहे ते बाहेरच्या खुणांवरूनच ओळखावे लागे.

शिवाय हे तंत्र एकसारखे नव्हते. आजच्या टोगोमधल्या बासार भागात उंच भट्ट्या असत आणि त्यांना भाता नसे. बुडाशी ठेवलेल्या भोकांतून आणि मातीच्या नळ्यांतून हवा आपोआप ओढली जाई, जशी उंच धुरांड्यात ओढली जाते. टांझानियातल्या फिपा लोकांकडे काम दोन टप्प्यांत चाले. आधी उंच भट्टीत खनिजाचे कच्चे लोखंड करायचे आणि मग छोट्या भट्टीत भात्याने ते शुद्ध करायचे. आफ्रिकेच्या बऱ्याच भागात तांब्या-कांशाचे युग मध्ये न येताच दगडानंतर थेट लोखंड आले. नायजेरियातल्या तारुगा इथे सापडलेल्या भट्ट्या ख्रिस्तपूर्व काळातल्या आहेत. इतक्या दीर्घ काळात जागोजागच्या खनिजाप्रमाणे, लाकडाप्रमाणे भट्टी बदलत गेली असणार. याला आपण आज संशोधन आणि विकास म्हणतो.

या लोखंडाची कीर्ती युरोपीय येण्याच्या कितीतरी आधी हिंदी महासागर ओलांडून आपल्या बाजूला पोचली होती. अल-इद्रिसी या अरब भूगोलकाराने 1154 साली पुरा केलेल्या ग्रंथात लिहिले आहे, की सोफालाच्या, म्हणजे आजच्या मोझांबिकच्या किनाऱ्यावरचे लोखंड भारतात जाते, त्याला तिथे चांगला भाव येतो आणि भारतीय कारागीर त्यापासून उत्तम तलवारी घडवतात. आपल्या पोलादाचा अभिमान आपण नेहमी बाळगतो. त्यातल्या काही तलवारींचा कच्चा माल आफ्रिकी भट्टीतून आलेला होता, हे मात्र आपल्याला कुणी सांगितले नव्हते.

आता पात्यांकडे वळू. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गेओर्ग श्वाइनफुर्थ 1870 साली मध्य आफ्रिकेत मंगबेटूंचा राजा मुन्झा याच्या दरबारात पोचला. त्याने काढलेल्या चित्रात राजाच्या हातात विळ्यासारखे वळलेले पाते आहे. तिथल्या लोहारांच्या कामाने तो इतका प्रभावित झाला, की 1875 साली त्याने मध्य आफ्रिकेतल्या कारागिरीवर चित्रांचे एक स्वतंत्र पुस्तकच काढले. मंगबेटूंचे शेजारी झांडे. त्यांचे ‘क्पिंगा’ नावाचे फेकायचे शस्त्र तीन-चार फाळ फुटलेले असे. कसेही जाऊन आदळले तरी एखादा फाळ लागणारच, अशी रचना. योद्धे ती शस्त्रे वेताच्या ढालीच्या आतल्या बाजूला अडकवून नेत. एका लोखंडी तुकड्यातून, तोल सांभाळत, वेगवेगळ्या दिशांना फाळ काढणे किती अवघड आहे ते कोणत्याही लोहाराला विचारावे.

पण पाते म्हणजे शस्त्रच असे नव्हते. काँगो नदीच्या वरच्या भागात माणसाच्या उंचीची भाल्याच्या पात्यासारखी पाती चलन म्हणून चालत. लग्नाच्या देण्याघेण्यातही ती येत. सिएरा लिओन आणि लायबेरियाच्या बाजूला पीळ दिलेल्या लोखंडी सळ्या नाण्यासारख्या वापरत. अशी सळी मोडली तर तिचा आत्मा गेला असे मानत आणि विधी करून ती जोडल्याशिवाय ती व्यवहारात परत येत नसे. कुबा लोकांच्या राज्यात तर उलटीच परंपरा सांगितली जाते. एमिल टोरडाय हा संशोधक 1908 साली तिथे राहिला होता. त्याला लोकांनी सांगितले, की पूर्वी श्याम नावाच्या राजाने फेकायच्या सुऱ्यांवर बंदी घातली आणि त्याऐवजी ‘इकुल’ नावाची पानाच्या आकाराची, शांततेची खूण असलेली सुरी कमरेला लावायची पद्धत पाडली. टोरडायनेच आणलेला एका कुबा राजाचा लाकडी पुतळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या राजाची ओळख म्हणून त्याच्या पुढ्यात कोरली आहे ती ऐरण.

म्हणजे उदाहरणे भरपूर आहेत आणि ती लिहिणारे युरोपीयच आहेत. 1799 साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात मंगो पार्कने पश्चिम आफ्रिकेतल्या कामालिया गावची भट्टी अशीच बारकाईने वर्णन केली आहे. लोखंड कडक आणि ठिसूळ निघते, त्यावर बरीच मेहनत घ्यावी लागते, असा दोषही त्याने सांगितला आहे. ही माणसे त्या प्रदेशात पाहुणी होती. यजमानाच्या लोखंडाचे मूल्यमापन ती बाजारातला माल पारखावा तशी करत होती.

1884 च्या नोव्हेंबरात बर्लिन परिषद सुरू झाली आणि आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरले. त्याच 1884 साली पिट रिव्हर्स या लष्करी अधिकाऱ्याने आपला अवाढव्य संग्रह ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिला. त्याची मांडणीची पद्धत अशी होती, की शस्त्रे आणि अवजारे साध्याकडून गुंतागुंतीच्या वस्तूकडे अशा रांगेत लावायची. उद्देश प्रामाणिक असेल, पण अशा रांगेला सुरुवात आणि शेवट असतो आणि पाहणाऱ्याच्या मनात शेवट कोणाचा हे आधीच ठरलेले असते. मंगबेटूचे पाते हे मग एका कुशल लोहाराने 1870 साली केलेले काम राहत नाही. ते मानवजातीच्या बालपणीचा नमुना होते. 1897 साली ब्रसेल्सजवळ तेर्वुरेन इथे बेल्जियमच्या राजाने काँगोचे भव्य प्रदर्शन भरवले. तिथे काँगोची शस्त्रे मांडली गेली आणि काँगोतून आणलेली माणसेही प्रेक्षकांपुढे ठेवली गेली. काँगोच्या वळणदार तलवारींना संग्राहकांनी ‘जल्लादाची तलवार’ हे नाव चिकटवले ते आजही लिलावांत दिसते. त्यांतली पुष्कळ पाती प्रमुखाच्या मानाची आणि समारंभात मिरवायची होती. पण मानाचे पाते म्हटले तर बनवणाऱ्याचा मान वाढतो, जल्लादाचे म्हटले तर जिंकणाऱ्याचा.

जे नाकारणे अशक्य होते त्याचे श्रेय बाहेरच्यांना दिले गेले. चार्ल्स सेलिग्मनच्या 1930 सालच्या पुस्तकाने हे मत रूढ केले, की आफ्रिकेतले जे काही प्रगत आहे ते उत्तरेकडून आलेल्या उजळ वर्णाच्या लोकांचे. ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी वास्तूंबद्दल हेच झाले होते. त्या आफ्रिकी लोकांनीच बांधल्या, हे रँडल-मॅकआयव्हरने 1905 मध्ये आणि गर्ट्रूड केटन-टॉम्पसन या बाईने 1929 मध्ये उत्खननातून दाखवून दिले, तरी गोऱ्या ऱ्होडेशियातल्या अनेकांनी ते मान्य केले नाही. लोखंडाच्या बाबतीत सुदानमधल्या मेरोए या प्राचीन नगरीला ‘आफ्रिकेचे बर्मिंगहॅम’ म्हटले गेले आणि तिथूनच विद्या खाली झिरपली असे बराच काळ मानले गेले. तारुगासारख्या ठिकाणचे कालनिर्णय हाती आल्यावर ते गणित जुळेनासे झाले.

आणखी एक गोष्ट अडसर ठरली, ती म्हणजे विधी. बऱ्याच जमातींत भट्टीला स्त्री मानत आणि लोखंड हे तिचे मूल. शोना लोकांच्या काही भट्ट्यांवर मातीचे स्तनही घडवलेले आढळतात. लोखंड काढण्याच्या दिवसांत पुरुष ब्रह्मचर्य पाळत आणि बायकांना भट्टीपाशी येऊ देत नसत. खनिज आणि कोळसा वाहून आणण्यात अनेक ठिकाणी बायकांचा हात असे, पण पेटल्या भट्टीपाशी त्यांना जागा नव्हती. एक बाई आणि इंजिनिअर म्हणून हे वाचताना मला बरे वाटले नाही आणि ते झाकून या लोकांचे कौतुक करावे असेही वाटत नाही. पण युरोपीय अधिकाऱ्यांनी यातून काढलेला निष्कर्ष वेगळाच होता. जिथे मंत्र आहे तिथे शास्त्र नाही, असा. आपल्याकडे दसऱ्याला यंत्रांना झेंडूची फुले वाहतात, आमच्या ऑफिसात सर्व्हरलाही हळदकुंकू लागते. त्यावरून आपल्याला यंत्र चालवता येत नाही असे कुणी म्हटले तर आपण हसू.

या मतांना जोड मिळाली अर्थकारणाची. युरोपातल्या कारखान्यांचे लोखंड आणि तयार कोयते, कुदळी स्वस्तात येऊन पडू लागल्या. भट्टीला लागतो भरमसाट लोणारी कोळसा. बासारसारख्या ठिकाणी जंगले मागे हटत चालली होती आणि वसाहतींच्या सरकारांनी जंगलांवर निर्बंध आणले. कर रोख रकमेत भरायचा, म्हणून तरुण माणसे खाणींत आणि मळ्यांत मजुरीला गेली. काँगोमध्ये लोखंडी पात्यांच्या चलनाची जागा आधी पितळी तारेच्या तुकड्यांनी आणि मग फ्रँकने घेतली. त्यामुळे पाते घडवण्याचे एक मोठे कारणच संपले. लोहार मात्र टिकले, कारण विदेशी पत्र्याचे आणि भंगाराचे विळे-कोयते करायला ते लागत होते. बंद पडल्या त्या भट्ट्या. खनिजापासून लोखंड काढण्याची विद्या एका-दोन पिढ्यांत जवळजवळ सगळीकडे विझली. मग जो अधिकारी 1930 साली तिथे पोचला त्याला भंगार ठोकणारा लोहार दिसला आणि इथे एवढेच येते, अशी नोंद त्याने केली तर नवल नाही.

ही विद्या अगदीच निसटू नये असे दोन-चार योग मात्र आले. 1914 च्या सुमारास हान्स शोम्बुर्क हा जर्मन माणूस टोगोमध्ये चित्रपट काढत होता. त्याने बासार भागातल्या बांजेली गावच्या भट्टीचे चित्रीकरण केले. त्याच्या चमूतली अभिनेत्री मेग गेर्ट्स हिने त्या प्रवासावर पुस्तकही लिहिले. 1986 साली निघालेल्या एका माहितीपटात ती जुनी दृश्ये पुन्हा लोकांसमोर आली. त्याच वर्षी कॅमेरूनच्या मांदारा डोंगरात डोक्वाझा नावाच्या वृद्ध लोहाराने निकोलस डेव्हिड या पुरातत्त्वज्ञासमोर आपली भट्टी पुन्हा पेटवली.

सर्वांत गाजला तो टांझानियातला प्रयोग. व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेला हाया लोक राहतात. पीटर श्मिट या पुरातत्त्वज्ञाच्या विनंतीवरून 1976 साली तिथल्या म्हाताऱ्यांनी तरुणपणी केलेले काम आठवून भट्टी उभारली. वारुळाची माती, जुन्या मळीचे ढेकळे, खड्ड्यात जाळलेले दलदलीतले गवत, भोवती भाते आणि भट्टीच्या आत लांबवर गेलेल्या मातीच्या नळ्या. भट्टी पेटली आणि कार्बनयुक्त लोखंड म्हणजे पोलाद हाती आले. तापमान 1,800 अंशांच्या वर गेल्याचे श्मिट आणि धातुशास्त्रज्ञ डोनाल्ड एव्हरी यांनी 1978 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. नळ्या भट्टीच्या आत असल्यामुळे हवा आत जाण्याआधीच तापते, हे त्यांचे स्पष्टीकरण. म्हणजे आपल्या वहीतल्या झोतभट्टीतला ‘गरम हवेचा झोत’. त्याच परिसरात उत्खननात दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या भट्ट्याही सापडल्या होत्या. वर्तमानपत्रांनी लगेच मथळे दिले, की आफ्रिकेने युरोपच्या कितीतरी आधी पोलाद केले.

इथे गोष्ट संपवली असती तर छान झाले असते. पण हवा खरोखर तेवढी तापते का, यावर इतर धातुतज्ज्ञांनी आकडेमोड करून आक्षेप घेतले. वाद बरीच वर्षे चालला. मला या वादात कुठेही आफ्रिकेचा अपमान दिसत नाही. उलट, लिव्हिंग्स्टनच्या कुदळी बर्मिंगहॅमला तपासल्या गेल्या त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी कुणीतरी पुन्हा या लोखंडाचे मोजमाप करत होते. मधल्या काळात मते होती, मोजमाप नव्हते. आपल्या पूर्वजांनी सगळे आधीच शोधले होते असे निरोप रोज सकाळी फोनवर येतात, त्यांत आणि ‘आदिम’ म्हणून नाक मुरडण्यात मला फारसा फरक वाटत नाही. दोन्हींत भट्टीत डोकावून पाहण्याचे कष्ट वाचतात.

परदेशी कामानिमित्त किंवा मुलांकडे जाणारे आपल्यात बरेच आहेत. लंडन, ऑक्सफर्ड, ब्रसेल्स इथे गेलात आणि संग्रहालयात पाय टाकलात तर आफ्रिकेच्या दालनात ही पाती जरूर पाहा. पाटीवर जमातीचे नाव असते, प्रदेश असतो, संग्रहालयाला ती वस्तू कोणी आणि कोणत्या वर्षी दिली हेही बहुधा असते. घडवणाऱ्याचे नाव जवळजवळ कधीच नसते. आमच्या क्षेत्रात प्रोग्रॅमची एकेक ओळ कोणी, कधी लिहिली याची नोंद राहते, चूक निघाली की थेट त्या माणसाला फोन जातो. त्यामुळे असेल, पण त्या पाटीवरची ती रिकामी जागा मला फार जाणवते. संग्राहकाने पाते घेतले तेव्हा तो लोहार बहुधा त्याच गावात, हाकेच्या अंतरावर असेल. त्याला नाव विचारायला एक मिनिट लागले असते.